पेवातला कंदील

दाक्षायणीच्या गळ्यात लिंग नाही, हे तिच्या आधी मला दिसलं. ती न्हाणीच्या चुलवणापुढं वाकून जाळ घालत होती. वाकली की गळ्यातली चांदीची करडगी पदराबाहेर लोंबायची आणि ती डाव्या हातानं ती मागं सारायची, ही तिची रोजची सवय. त्या सकाळी हात मागं गेला, पण सारायला काही नव्हतं.

मी विचारलं, "सूनबाई, गळ्यातलं कुठाय?"

तिनं छाती चाचपली, पदर झटकला, आणि हातातलं जळण तिथंच टाकून आत पळाली. मी जळण उचलून चुलवणात सारलं.

आम्ही लिंगायत. मूल जन्मलं की मठातले स्वामी त्याला लिंग देतात. चांदीच्या करडगीत घालून ते गळ्यात बांधायचं, ते माणूस मातीत जाईपर्यंत अंगावरच. सकाळी अंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, पूजा करायची, मग पाण्याचा पहिला घोट. ते हरवलं तर सापडेपर्यंत, नाहीतर स्वामी नवं बांधेपर्यंत, तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही. आणि एकाच्या लिंगाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. नवऱ्यानं बायकोच्या नाही, आईनं पोटच्या पोराच्या नाही. आता शहरात कोण एवढं पाळतंय म्हणा. आमच्या घरात तेव्हा पाळत होते, आणि पाळतात की नाही ते बघायला मी बसले होते.

अंथरुणात नुसता दोरा सापडला, उशीखाली. दाक्षायणीनं तो माझ्यापुढं धरला. मी दोऱ्याची टोकं बोटांत धरून बघितली आणि दोरा तिला परत दिला.

"एवढंसुद्धा जपता येत नाही," मी म्हटलं. "उद्या डोकं कुठंतरी ठेवून येशील आणि मलाच विचारशील, आत्ती, बघितलंत का."

तेवढ्यात माझा मुलगा रेवणसिद्ध परड्यातून आत आला. एकुलता एक. त्याचा आवाज चढलेला आळीत कुणी ऐकला नव्हता. त्यानं काय झालं ते ऐकून घेतलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"रात्री उठून कुठं गेली होतीस का?"

"नाही."

"नीट आठव. म्हैस सोडलीस तेव्हापण नाहीच म्हणत होतीस."

ती उभ्या उभ्या आठवायला लागली.

वर्ष होत आलं होतं या गोष्टींना. आमची म्हैस दावं सोडून शेजाऱ्याच्या शाळवात शिरायची. दारं लावून झोपलं तर सकाळी उघडी. रॉकेलचा स्टोव्ह भडकलेला, जवळ कुणी नाही. दाक्षायणी म्हणायची, मी नाही केलं. रेवण म्हणायचा, आई, तू तिला बोलू नको, तिच्या हातात नाही ते. त्यानं मिरजेच्या एका डॉक्टरकडून गोळ्या आणल्या. स्वतःच्या हातानं द्यायचा, वर पाण्याचा तांब्या धरायचा. गोळी घेतली की पोरगी दुपारपर्यंत भिंतीला टेकून बसायची. आळीतल्या बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा.

आणि मी आळीभर सांगत फिरायची, की अथणीकडची पोरगी करून आणली, रूप बघितलं, डोकं बघायचं राहून गेलं.

खरं तर पोरगी मुळूमुळू रडणारी नव्हती. आमटीत दुप्पट मीठ पडायला लागलं, तेव्हा मी तिला विचारलं, की मी तुझं असं काय वाकडं केलंय, म्हणून माझ्या ताटात मीठ ओततेस. ती परात पुसता पुसता म्हणाली, "आत्ती, मला तुमच्या ताटात काही घालायचंच असतं, तर मी मीठ घातलं नसतं."

मी तिला तोंड सांभाळ म्हटलं, आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या आडोशाला हसून घेतलं. सासूच्या तोंडावर असं बोलायला डोकं शाबूत लागतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पुन्हा आमटी खारट झाली. त्या दिवशी मात्र मी तिला अंगणात उभी केली आणि आळी गोळा होईपर्यंत बोलले. ती गिरणीतून नुकतीच परतली होती. डोक्यावर पिठाचा डबा तसाच धरून ऐकत राहिली, उलटून एक शब्द बोलली नाही. रेवणच मध्ये पडला. आई, पुरे आता, म्हणाला. लोकांना माझी जीभ माहीत होती, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही.

उन्हाळा लागला तशी तिची जीभ बोथट होत गेली. एक दिवस भांडी घासताना तिनं विचारलं, "आत्ती, माणूस वेडं झालं तर त्याला स्वतःला कळतं का?"

मी म्हटलं, "कढईचं बूड राहिलंय. ते घास."

त्याच सुमाराला रेवण नवीन बोलायला लागला. ती पेवांकडं जाते म्हणायचा. एकटीच जाऊन तोंडाशी उभी राहते. मला भीती वाटते आई, एक दिवस तोल जाईल. हे त्यानं मला सांगितलं, आळीत सांगितलं, हमालांना सांगितलं. सांगताना त्याचे डोळे भरून यायचे.

पेव म्हणजे काय, ते ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगायला पाहिजे. सांगलीच्या अंगाला, कृष्णेच्या काठी आमच्या गावची जमीन अशी आहे, की खोल खणलं तरी पाणी झिरपत नाही. तिथं व्यापाऱ्यांची हळद जमिनीच्या पोटात ठेवायची. तोंड एवढंसं, एक माणूस जेमतेम उतरेल. आत रांजणासारखं पोट, दोन पुरुष खोल. हळद भरली की तोंडावर फरशी ठेवायची आणि मातीनं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं किडा लागत नाही. पण बंद पेवात हवा मरते. उघडून लगेच कुणी उतरलं तर त्याला आधी झोप आल्यासारखं होतं, तो बसतो, आणि बसला की उठत नाही. म्हणून पेव उघडून दिवसभर मोकळं ठेवायचं आणि मग दोराला बांधून कंदील सोडायचा. तळाला टेकून तेवत वर आला तर माणूस उतरतो. विझला तर फरशी तशीच बाजूला ठेवून घरी जायचं.

गावात हे काम पुरुष करतात. आमच्या घरी कंदील थोरल्या बाईनं सोडायचा, ही माझ्या सासूपासूनची रीत. माझा डावा हात कोपरात सरळ होत नाही, लग्नानंतर जिन्यावरून पडले होते. पण दोर सोडायला वाकडा हातही चालतो. व्यापारी म्हणायचे, चन्नाक्कानं कंदील सोडला म्हणजे आत डोळे मिटून उतरावं.

माझे मालक त्याच हवेत गेले. रेवण तेव्हा लहान होता, कडुनिंबाखाली चिंचोके खेळत बसला होता. मी कंदील सोडला, तेवत वर आला, मालक उतरले, आणि परत आले नाहीत. हवा मध्येच फिरली, असं सगळे म्हणाले. हवेचा भरवसा कुणी द्यावा. तेव्हापासून मी कंदिलाला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.

तर त्या दिवशी दाक्षायणीनं घर उलटंपालटं केलं. गादीतला कापूस काढून बघितला, चुलीतली राख चाळली. रेवणनं मठात जाऊन चौकशी केली, स्वामी सोलापूरकडं गेले होते, दोन दिवस यायचे नव्हते. चैत्राचं ऊन. दुपार झाली तसे तिचे ओठ फुटायला लागले. मी जेवायला बसले. तिच्यासमोर बसून जेवले. तिनं वाढलं, आणि माठाकडं पाठ करून उभी राहिली.

माझा हात धुवून होतोय तोवर रेवण पळत आला.

"आई, कडेच्या पेवात काहीतरी चमकतंय. ऊन सरळ आत पडलंय म्हणून दिसलं. चांदीच आहे."

कडेचं पेव म्हणजे ओळीतलं शेवटचं. त्यात एका व्यापाऱ्याची जुनी हळद उरलेली होती, कैक वर्षं उघडलं नव्हतं. रेवण म्हणाला, उद्या माल न्यायचाय म्हणून कालच उघडून ठेवलं होतं. हमाल आज अमावास्या म्हणून आले नाहीत.

दाक्षायणीनं माझ्याकडं बघितलं. "मी गेले असेन का तिकडं, आत्ती?"

"गेली असशील," मी म्हटलं.

"मीच उतरलो असतो," रेवण म्हणाला, "पण तिच्या लिंगाला मी हात कसा लावू? ज्याचं त्यानंच उचलायला पाहिजे. तूच शिकवलंस."

"मीच शिकवलं," मी म्हटलं. "चला."

मी कोनाड्यातला कंदील, दोन दोर आणि दोराची शिडी घेतली. तिघं परड्यातून पेवांकडं गेलो. कडेच्या पेवाची फरशी बाजूला सरकवलेली होती, तोंडावरची लिंपणाची माती फुटून भोवती पडली होती. मी एक ढेकूळ पायानं उलटून बघितलं. खाली वाकून आत नजर टाकली. खरंच, हळदीच्या पोत्याशेजारी एक चांदीचा ठिपका चमकत होता. दाक्षायणीनंही बघितला, आणि हात जोडले. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जीव आला.

मी कंदील लावला, काच नीट बसवली, दोराला गाठ मारली आणि पेवाच्या तोंडाशी मांडी घालून बसले. वाकड्या कोपरावरून दोर सोडत गेले. पुरेसा सोडला, थांबले, मनात शिवाचं नाव घेतलं, आणि ओढून वर काढला. कंदील तेवत होता.

"तळाला टेकून आला," मी म्हटलं. "हवा चांगली आहे."

रेवण माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं माझ्या पायाशी बघितलं. मग मान वळवून कडुनिंबाकडं बघायला लागला.

मी उठून दाक्षायणीच्या कमरेला दुसरा दोर बांधला, त्याचं टोक कडुनिंबाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन अडकवलं. तिनं दोराची शिडी आत सोडली, काठावर बसून पाय खाली टाकले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. छातीपर्यंत आत गेली. मी वाट बघत होते. मला एकच गोष्ट ऐकायची होती, आणि ती ऐकायला मिळावी म्हणून मी त्या दिवशी जेवढा देव आळवला तेवढा आयुष्यात आळवला नाही.

रेवण म्हणाला, "सावकाश उतर. घाई करू नको."

मी दाक्षायणीचा दंड पकडला. "थांब."

तिला वाटलं, तिचंच काही चुकलं. "काय झालं, आत्ती?"

"वर ये." मी तिला ओढून काठावर बसवलं आणि मुलाकडं वळले. "रेवण, आधी तू उतर."

तो हसला. "मी कशाला? मी हात लावायचा नाही म्हटलं न्हवं."

"लावू नको. नुसता खाली जाऊन उभा राहा. ती सकाळपासून उपाशी आहे, चक्कर आली तर धरायला कुणीतरी पाहिजे. हवा चांगली आहे, मीच कंदील सोडलाय."

तो जागचा हलला नाही.

"उतर की."

"आई, मला जरा बरं वाटत नाही."

"मघाशी पळत आलास तेव्हा बरं वाटत होतं."

दाक्षायणी एकदा त्याच्याकडं बघत होती, एकदा माझ्याकडं. मग तिची नजर खाली माझ्या पायाशी गेली. तिथं दोराचं वेटोळं पडलं होतं. निम्मा दोर मी सोडलाच नव्हता. कंदील पेवाच्या गळ्यापर्यंत गेला होता आणि तिथूनच वर आला होता. गळ्याशी हवा नेहमीच चांगली असते. मरते ती तळाला.

ते वेटोळं मी मुद्दाम उघड्यावर ठेवलं होतं, त्याला दिसावं म्हणून. तो पेवांवर वाढलेला. कुठल्या पेवाला किती दोर लागतो हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक. त्यानं एवढंच म्हणायला पाहिजे होतं, की आई, दोर उरलाय. तेवढं म्हणाला असता तर बाकीचं सगळं मी पोटात घातलं असतं. तो म्हणाला, सावकाश उतर.

"तुला दिसला होता दोर," मी म्हटलं.

"नाही."

"दिसला होता. तुला वाटलं, आई आपल्याच बाजूची आहे. आळीभर सुनेला वेडी म्हणत फिरते, उपाशी सुनेसमोर बसून जेवते, आता कंदील पण आपल्यासाठीच खोटा सोडला. असंच वाटलं न्हवं?"

मग मी त्याला एकेक सांगितलं. गळ्यातला दोरा झिजून तुटला तर टोकाला पिसारतो; हा एका रेषेत कापलेला होता. पेव काल उघडलेलं असतं तर लिंपणाची माती चैत्राच्या उन्हात खडखडीत झाली असती. मी उलटलेलं ढेकूळ खालून ओलं होतं. त्यानं ते तासाभरापूर्वी फोडलं होतं. आणि मीठ. ज्या दिवशी मी सुनेला आळीसमोर झापलं, त्या दिवशी आमटी तिनं केलीच नव्हती. तिला मी दळण देऊन गिरणीत पाठवलं होतं. आमटी मी केली होती, मुद्दाम अळणी, मिठाचा एक खडा न घालता. चुलीवर ठेवून मी गोठ्यात गेले. घरात रेवणशिवाय कुणी नव्हतं. जेवायला बसलो, तर आमटी खारट, आणि रेवणनं ताट सारून म्हटलं, बघ आई, परत.

"तेव्हापासून ठाऊक आहे?" त्यानं विचारलं.

"तेव्हापासून."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"मिठानं माणूस खोटारडा ठरतो," मी म्हटलं. "तू कुठल्या थराला जातोस ते मला बघायचं होतं. आई आहे मी. वाटलं, कुठंतरी थांबशील."

दाक्षायणी काठावरून उठली. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं नवऱ्याला विचारलं, "म्हैस पण तुम्हीच सोडायचा?"

तो तिच्याकडं बघेना.

"स्टोव्ह? दारं?" तिचा आवाज फाटला. "मी रात्र रात्र जागून स्वतःवर पहारा केला. माझे हात रात्री काही करतात की काय, म्हणून मी पायाखाली दाबून झोपायची."

त्यावरसुद्धा तो तिच्याशी बोलला नाही. माझ्याशी बोलला. "मला ती नको होती. सोडून दिली असती, तर तू मला घरात घेतलं असतंस? आपल्या घराण्यात कुणी बायको टाकली नाही, हे दिवसातनं दहादा तूच ऐकवायचीस. गावानं तोंडात शेण घातलं असतं. अशी गेली असती, तर सगळा गाव रडायला आला असता."

हे त्याचं खरं होतं. मी ऐकवायची. अजूनही वाटतं ते मला.

"नको होती तर माझ्या तोंडावर सांगायचं होतंस," मी म्हटलं. "मी जोडा हाणला असता. जोड्यानं कुणी मरत नाही."

तेव्हा त्याचा आवाज पहिल्यांदा चढला, आणि चढला तोही फार नाही.

"तू मला शिकवतेस? बाबा उतरले त्या दिवशीही दोर असाच उरला होता. तुझ्या पायाशी. मी कडुनिंबाखाली होतो. मी बघितला."

कडुनिंबावर कावळा बसला होता, तो उडाला. माझ्या हातातला कंदील अजून तेवत होता. भर उन्हात त्याची ज्योत दिसत नव्हती, नुसती काच गरम लागत होती. मी काच वर करून तो फुंकला.

"बघितला होतास, तर इतकी वर्षं कुणाला बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"तू माझी आई होतीस."

"आणि ही तुझी कोण होती?"

तो फुटलेल्या लिंपणाची माती पायानं सारायला लागला. बापाच्या गोष्टीला मी उत्तर दिलं नाही. त्यानंही परत विचारलं नाही. त्याच्या बापानं माझ्याशी काय केलं ते त्याला आठवत नसणार, तो फार लहान होता. मलाही लोक काही दिवस डोक्यानं हलकी म्हणायचे. तसं कोण सांगत फिरायचं, ते त्या घरात मी आणि त्याचा बाप, दोघांनाच ठाऊक होतं.

मी रेवणला सांगितलं, की दिवस मावळायच्या आत या घरातून जा, आणि मी मेले असं कळलं तरी माती द्यायला येऊ नको. पोटच्या पोराला पोलिसात द्यायला मी गेले नाही. त्यावर कुणाला काय म्हणायचं ते म्हणावं. तो कपड्यांची पिशवी भरून निघाला तेव्हा मी दारात उभी होते. आळीतल्या बायकांनी विचारलं, कुठं चालला? मी म्हटलं, याला चांगलं काम मिळालंय. त्यालाही बरं वाटलं असेल, की आईनं घराण्याची लाज झाकली.

पण ते संध्याकाळचं. त्याआधी पेवापाशी दाक्षायणी तशीच उभी होती. तिच्या कमरेला दोर बांधलेला, ओठ फुटलेले, आणि लिंग खाली तळाला, जिथं, कैक वर्षांनी उघडल्यामुळं, अजून दोन दिवस कुणाला उतरता येणार नव्हतं. मी तिला घरी आणलं, अंघोळ घातली, कोरडं लुगडं नेसवलं. मग देव्हाऱ्यासमोर बसवून माझ्या गळ्यातली करडगी काढली आणि आतलं लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं.

तिनं हात मागं घेतला. "आत्ती, दुसऱ्याचं…"

"दुसऱ्याचं कुठाय. पूजा कर आणि पाणी पी. स्वामींनी विचारलं तर माझं नाव सांग."

तिनं विभूती लावली. डोळे मिटले. पूजा झाल्यावर मी तांब्या तिच्या तोंडाला लावला. ती अधाशासारखी प्यायली, आणि मग तिला जे रडू फुटलं ते वर्षभराचं होतं. मी मध्ये पडले नाही. आमटी गरम करायला गेले. त्या दिवशीचीही मीच केली होती, अळणीच.

दोन दिवसांनी मी कंदील पुन्हा सोडला. या वेळी सगळा दोर सोडला. तेवत वर आला. दाक्षायणी उतरली आणि तिचं लिंग तिनं स्वतःच्या हातानं उचलून आणलं. गोळ्या मी उकिरड्यात पुरल्या.

रेवण निपाणीला एका वखारीत लागला. दुसरं लग्नही केलं. त्या बाईला मी माणूस पाठवून निरोप दिला होता, की जपून राहा, घरात काही विचित्र व्हायला लागलं तर तुझ्या डोक्यावर नाही, त्याच्या हातावर नजर ठेव. तिनं उलट निरोप पाठवला, आत्ती, तुमचा काहीतरी गैरसमज आहे, हे फार मायाळू आहेत.

आता पेवं राहिली नाहीत. मोठ्या पुरात कृष्णेचं पाणी शिरलं, एकेक करून ढासळली. कडेचं तेवढं धड आहे. बाकीचा माल दाक्षायणीनं गोडाऊनमध्ये नेला. व्यापाऱ्यांशी तीच बोलते, माझ्यापेक्षा तिखट बोलते. मी दिवसभर कडुनिंबाखाली खाटेवर बसते. गावात नव्यानं आलेली माणसं कधी कधी विचारतात, आज्जी, तुमचा हात असा कसा झाला? मी सांगते, जिन्यावरून पडले. मग ते मान हलवतात. आमच्या घराला जिना कधीच नव्हता, हे आजवर कुणाच्या ध्यानात आलेलं नाही.

दाक्षायणीच्या ध्यानात आलं असावं. त्या दिवशी रेवण जे बोलला ते तिनं सगळं ऐकलं होतं, आणि त्यातलं एक अक्षर तिनं आजपर्यंत मला विचारलं नाही. फक्त एक गोष्ट करते. कडेचं पेव उघडलं, की कंदील तीच सोडते. दोर संपेपर्यंत सोडते. तळाला टेकला, की उजव्या हातात दोराचं टोक धरून डावा हात माझ्याकडं करते, आणि रिकामा तळहात उघडून मला दाखवते.

मी मान हलवते. मग माणूस उतरतो.